काडीपेट्यांचं कपाट

२ मार्च, लातूर
टँकर आला नाही. आडावरून दोन घागरी, त्याही गढूळ. पूजा, मग चूल.
पुढच्या खोलीत यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, म्हणून देगलूर सोडून आलो. येताना एसटीच्या टपावरून ट्रंक आपटली, आतले सगळे पार्ट एकात एक. तवापासून दुरुस्ती थोडी, शोधाशोध फार. आज एक गिऱ्हाईक कंटाळून सेट तसाच घेऊन गेलं.
जेवताना म्हणाले, "पाडव्यापर्यंत बघू. न्हाई तर देगलूरला दादाच्या आडतीत जाऊन बसतो."
परत जाऊबाईंच्या हाताखाली... महादेवा, तूच बघ.

५ मार्च
ट्रंक आत मागून घेतली. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हटलं, तुरीतले खडे कळतात, हे का नाही कळणार.
"मग निवड. पट्टे सारखे, ते एका जागी."
रेझिस्टन्स म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा लांबट, दोन्हीकडं तारेची शेपटी, अंगावर रंगीत पट्टे. परातीत ओतले, सुपात निवडले. मान आखडली, पण मन लागलं. जप पण झाला.

९ मार्च
कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्या चाचांकडून रिकाम्या काडीपेट्या. चिंचोक्याची खळ शिजवून एकावर एक चिकटवल्या, ओढायला जुनी बटणं. प्रत्येकीवर रंगांची अक्षरं. सो-ता-जां-पि म्हणजे सोनेरी, तांबडा, जांभळा, पिवळा. सोनेरी पट्टा जवळजवळ सगळ्यांनाच. सोन्याला पहिला मान, म्हणून तिथून सुरुवात केली.
मामंजी खाटेवरून बघून राहिले होते. "लई बेस झालं, सूनबाई."

११ मार्च
नव्या कचेरीतला कारकून बंद रेडिओ घेऊन आला. म्हणाला, हा वाजला तर कचेरीतल्या लोकांचे अजून आणतो. बाकड्यावर बसूनच राहिला.
हे कपाटापुढं. "पिवळा-जांभळा-तांबडा पाहिजे. पिवळ्याची एक बी पेटी न्हाई. अगं, समदं सो, सो, सो. सोनाराचं दुकान काढलंस का?"
कारकून हसला. मी दाराआड. मग कळलं, सोनेरी पट्टा शेवटी धरायचा असतो. माझं सगळंच उलटं. यांचा चेहरा बघवेना. "आता परत ओता परातीत," म्हणाले.
डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मामंजी खाटेवरून, "काय लिव्हलंय तिनं?"
"सो-ता-जां-पि."
"मग उजवीकडनं वाच की. निजामाच्या शाळेत आमी उर्दू तसंच वाचत व्हतो. पेटीतला माल तर बराबर हाय ना?"
हे थांबले. बोटानं उलटं वाचलं. पि-जां-ता-सो. पेटी ओढली. तोच निघाला.
चहा होईस्तोवर रेडिओ बोलायला लागला. मी देवापुढं जाऊन नुसती बसले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू...

१६ मार्च
दोन सेट आले. शोधाशोध नाही. हे शीळ घालत काम करून राहिले. गिऱ्हाइकांना सांगतात, "आमचं कपाट उर्दूत हाय."
अक्षरं पुसून सरळ लिहू का विचारलं. "असू दे. हात बसलाय."
टँकर आज आला.

पाडव्याचा आदला दिवस
थोरले भाऊजी उद्या येणार, आम्हाला न्यायचं का ते ठरवायला. कारकून काही परत फिरकला नाही. जायचं का राहायचं, यांच्या मनातलं कळेना.
ट्रंक रिकामी पडली होती. सकाळी पुसून काढली आणि ज्वारी भरून ठेवली, काठोकाठ. कडुनिंबाचा पाला पण घातला.
दुपारी हे सामान भरायला म्हणून ट्रंक उचलायला गेले. हलली नाही. झाकण उघडून बघितलं, दोन दाणे तोंडात टाकले, झाकण लावलं.
"उद्या दादासाठी पुरणाचं कर. जेवून जाईल माघारी," म्हणाले, आणि बाहेर जाऊन काडीपेट्या ओढायला लागले.