पट अठरा, शिक्षक दोन

अल मनखूल, दुबई
८ फेब्रुवारी

प्रिय शहरबानू आपा,

अस्सलामु अलैकुम. तुझे गुडघे कसे आहेत? दुल्हाभाईंचा खोकला थांबला का? आम्ही इथे अल्लाच्या मेहरबानीने मजेत आहोत, फक्त मुनिबा माझ्याशी बोलत नाही. तुझा गेल्या महिन्यातला मेसेज वाचला. पट अठरावर आला म्हणून जिल्हा परिषद तुझी शाळा बंद करून मुलांना चार किलोमीटरवरच्या शाळेत घालणार, हे वाचून फार वाईट वाटलं. (उत्तराला उशीर झाला, कारण वाईट वाटत असतानाच झाराच्या ॲडमिशनचं निघालं.) जे सांगायचं आहे ते फॅमिली ग्रुपवर टाकण्यासारखं नाही, म्हणून कागदावर लिहून सुट्टीवर गावी येणाऱ्या फहदच्या हाती पाठवतोय. त्याने पाकीट फोडलेलं असेल तर मला कळव.

इथे आपल्यासारख्यांना खाजगी शाळाच. इन्स्पेक्टर येऊन त्यांना शेरे देऊन जातात, आणि शेरा बरा मिळाला की शाळा तो गेटवर एवढा मोठा लावते की शाळेचं नाव दिसेनासं होतं. घराजवळच्या तीन शाळांनी झाराला जागा नाही म्हणून सांगितलं. चौथी राहिली. तिचं नाव लिहीत नाही, त्यात ‘ग्लोबल’ दोनदा येतं. तिथे आमचा वेटिंग नंबर त्रेचाळीस. नुसतं रांगेत उभं राहण्याचे पाचशे दिरहम, म्हणजे बारा हजार रुपये, परत न मिळणारे. मार्चपर्यंत पहिलीत जागा मिळाली नाही तर मुनिबा झाराला घेऊन श्रीवर्धनला माहेरी जाणार, आणि मी पुन्हा सहा माणसांच्या खोलीत वरच्या बंकवर. पंचेचाळिसाव्या वर्षी मला त्या शिडीवर चढायचं नाही, आपा, आणि पोरीला वर्षातून एकदा विमानतळावर भेटायचं नाही. ही सगळी भीती मनात ठेवून मी मुलाखतीला गेलो. (मुलाखत झाराची नव्हती, आमची होती.)

फॉर्ममध्ये एक रकाना होता: कुटुंबात कोणी शिक्षणक्षेत्रात आहे का? मी खरं ते लिहिलं: माझी मोठी बहीण रत्नागिरी जिल्ह्यात शाळा चालवते. ॲडमिशनच्या फिरदोस मॅडमनी चष्मा वर केला आणि मुलं किती, शिक्षक किती विचारलं. मी म्हटलं, अठरा आणि दोन. त्यांनी पेन खाली ठेवलं. एका शिक्षकामागे नऊ! त्यांच्याकडे एकामागे अठ्ठावीस आहेत, आणि नऊवाल्या शाळा दुबई मरीनाकडच्या, त्या आपल्या ऐपतीच्या नाहीत. मग मॅडम विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो. चारही इयत्ता एका खोलीत बसतात म्हटलं, तर त्यांनी ‘मिक्स्ड एज’ असं लिहून खाली रेघ मारली. मुलं जमिनीवर बसतात, वर्ग बऱ्याचदा फणसाखाली भरतो, कॉम्प्युटर नाही, दुपारची खिचडी शाळेतच शिजते आणि ताटं मुलंच धुतात, हे ऐकताना त्यांचा आवाज कापायला लागला. “वासिफभाई, ये तो विजन है! हम तीन साल से यही करने की कोशिश कर रहे हैं.” आपा, मी एक शब्द खोटा बोललो नाही. फक्त कारणं सांगितली नाहीत.

खोली एक आहे कारण दुसरीचं छप्पर गेल्या वादळात उडालं, आणि फणसाखाली बसतात कारण पहिलीचंही गळतं, हे मला ठाऊक आहे. मागच्या सुट्टीत त्याच फणसाखाली उभा राहून मी तुला हसलो होतो आणि ही कसली शाळा, सोडून दे म्हणालो होतो, तेही आठवतंय. मॅडमसमोर बसून मनात अठराचा विचार केला तेव्हा कळलं की पट रिकामा करणाऱ्यांत आपलंच घर पहिलं. मी इथे, अजीज दोह्याला, तहसीनची मुलं चिपळूणला इंग्लिश मीडियममध्ये. मला लाज वाटली. मग मॅडमनी ‘यल्ला, चलो’ म्हणत मला प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये नेलं आणि लाज तिथेच बाहेर सोफ्यावर राहिली.

प्रिन्सिपलसाहेब गोरे, उंच आणि अतिशय नम्र आहेत. त्यांनीही एक फणस उभारलाय, पाचव्या मजल्यावर एसी हॉलमध्ये, प्लास्टिकचा. (झाड कसलं ते नक्की सांगता येत नाही, पण पाटीवर ‘लर्निंग ट्री’ लिहिलंय.) त्याखाली आठवड्यातून चाळीस मिनिटं मुलं जमिनीवर बसतात आणि त्याची फी वेगळी. येत्या गुरुवारी त्यांच्या सगळ्या शिक्षकांपुढे तू ऑनलाइन दहा मिनिटं बोलावंस, अशी त्यांची विनंती आहे. मी तुला न विचारता हो म्हणून आलो. त्रेचाळीस नंबर तिथल्या तिथे दोनवर आला, आपा. आता नाही म्हणू नको.

दुल्हाभाईंना सलाम, मुलांना प्यार. माझ्यासाठी दुवा कर, आणि रागावली असशील तर आधी दुवा कर आणि मग रागाव.

तुझा धाकटा,
वासिफ

ता.क. इतकी मागणी असताना पट अठराच्या वर जाऊ न देण्यासाठी तू काय करतेस, हे प्रिन्सिपलसाहेब नक्की विचारणार. काहीतरी सांग. रडू नको.

ता.क. झाराने काल तुझ्याबद्दल विचारलं, “डॅडी, इज फुफी व्हेरी रिच?” मुनिबा हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

ता.क. शाळा बंद करायची ऑर्डर गुरुवारच्या आत आली, तर केंद्रप्रमुखांच्या हातापाया पडून शुक्रवारपर्यंत थांबव. तेही नाही जमलं तर निदान भिंतीवरची शाळेची पाटी तेवढी काढू देऊ नको. झाराची सीट कन्फर्म झाली की मग खुशाल काढू देत.