अंगणाची राखण

सोमवार, ७ ऑक्टोबर

आजपासून रोजनिशी. मी बोलते, फोन लिहून घेतो. इतकी खासगी की माझी मलासुद्धा वाचता येणार नाही.

निमित्त मोठं आहे. या वयात मला काम लागलंय. मिरीच्या शाळेनं मुलांसाठी स्वतःचं सोशल नेटवर्क काढलंय. नाव ‘अंगण’. आत फक्त शाळेची मुलं, बाहेरचं कुत्रंही शिरायचं नाही. मुलं जे टाकतील ते आधी राखणदाराकडे येतं. राखणदार म्हणजे एखाद्या घरातलं वडीलधारं माणूस, पाळीपाळीनं. हिरवं बटण दाबलं की राखणदाराच्या फोटोसकट सगळ्या वर्गाला दिसतं. लाल दाबलं की संगणकाच्या सरांकडे जातं. नववीची ही पाळी आमच्या घराची. लेक प्रयोगशाळेत रक्त तपासते, तिला मान वर करायला सवड नाही. जावई लिफ्ट दुरुस्त करतात, ते कायम दोन मजल्यांच्या मध्ये. म्हणून मी.

लेक म्हणाली, आई, अगं तुला वाचता येत नाही. मी म्हटलं, माणसं वाचता येतात. ती म्हणाली, मग मिरी वाचून दाखवेल. मिरी म्हणजे माझी नात. एवढीशी आणि तिखट. मी म्हटलं, वा गं वा, राखण मुलांची आणि वाचणार मुलंच? मांजरीलाच सांग दूध मोजायला.

शाळेनं वाचण्याचं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बढाई मारायचा माझा स्वभाव नाही.

थट्टा बाजूला. मिरी आधी ‘बाहेर’ होती, म्हणजे सगळी दुनिया असते त्या नेटवर्कवर. तिथं कुणी घोडा झालेला बाप्या शाळकरी पोरगा बनून तिच्याकडे फोटो मागत होता. वेळेत कळलं म्हणून वाचलो. लेकीच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी मिरीनं कबूल केलं, आता फक्त अंगण. आणि मी लेकीला शब्द दिलाय, पोरगी परत बाहेर जाणार नाही. दिला म्हणजे दिला.

मंगळवार, ८ ऑक्टोबर. सकाळी

फोन उघडायला अंगठा लागतो. माझा ओळखत नाही. भांडी घासून रेषा गेल्यात म्हणे. जन्मभर जिथं तिथं अंगठाच लावला. बँकेनं मानला, कचेरीनं मानला, या एका फोनला पटेना. शेवटी डावी करंगळी मान्य झाली. माणसाची किंमत कशात असेल सांगता येत नाही.

दुपारी

कामाला सुरुवात. पहिलं चित्र, पोराच्या गळ्यात साप. लाल. दुसरं, सांगाडा. लाल. तिसरं, एक बाई तोंड फाडून किंचाळतेय. लाल. उरक म्हणतात तो हा.

संध्याकाळी

सरांचा फोन. साप सहलीतला, रबराचा. सांगाडा विज्ञानाचा प्रकल्प. किंचाळणारी बाई म्हणजे मुख्याध्यापिका, गायनाच्या स्पर्धेत. मी म्हटलं, सर, चित्रात गाणं ऐकू येत नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

सरांना विचारलं की फोन मोठ्यानं वाचून दाखवतो, ते अंगणात चालेल का. माझ्यासाठी नाही, ओळखीच्या एका बाईसाठी. म्हणाले, नाही आजी, बाहेरचं काहीच आत चालत नाही, सुरक्षेसाठी बंद केलंय. बरोबरच आहे. त्या बाईला कळवते म्हटलं.

गुरुवार, १० ऑक्टोबर

नियम ठरवला. आळस इथंच बंद. चित्र आलं की फोन लांब धरून बघायचं, जवळ धरून बघायचं, मग बटण. नुसती अक्षरं आली की हिरवं. अक्षरांना काय भ्यायचं? बसून, जुळवून, काना-मात्रा देऊन लिहिणाऱ्याला वाईट वागायला वेळ कुठून मिळणार? वाईट ते चित्रात. बाहेरच्या त्या बाप्यालाही फोटोच हवे होते ना?

मिरी म्हणाली, आजी, रोज थोडा वेळ मी वाचून दाखवते, कुणाला सांगणार नाही. मी म्हटलं, लाच देतेस? तोंड एवढंसं करून गेली. तिचं काहीतरी लपवायचं असणार. माझ्या नजरेतून सुटत नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

मुलं सुधारली! चित्रं जवळजवळ बंद. नुसती अक्षरं येताहेत, सकाळपासून रांग लागली आहे. हिरवं, हिरवं, हिरवं. याला म्हणतात धाक. सरांना फोन करून सांगितलं, राखणदार कसा असावा ते बघून घ्या. म्हणाले, आजी, लाल एकही आलं नाही, छान चाललंय. सर शिकलेले आहेत, त्यांना कळतं.

मिरी शाळेतून आली ती थेट खोलीत. दार बंद. भूक नाही म्हणाली. वयच असं असतं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

आज अक्षरांच्या खाली हसरे चेहरेही होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे. एवढा आनंद मी लग्नघरातही पाहिला नाही. हिरवं.

लेकीला म्हटलं, तुझी पोरगी सुरक्षित आहे. ती म्हणाली, आई, मिरी गप्प का असते गं? मी म्हटलं, सुरक्षित माणूस गप्पच असतं. ओरडतो तो संकटातला. लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि डबा घेऊन कामाला गेली. तिला म्हणावं, एकदा तरी शाबास म्हण. मी काही मागत नाही, पण म्हण.

मिरीला विचारलं, वर्गातल्या मुली बोलतात ना गं? म्हणाली, खूप बोलतात. बघा, लेक उगाच घोर लावून घेते.

सोमवार, १४ ऑक्टोबर

स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत गेले. पहारेकऱ्यानं हद्द फिरून पाहावी. मिरीच्या वर्गाचं टोळकं उभं होतं. त्यातला एक लांब मानेचा पोरगा अगदी अदबीनं विचारता झाला, आजी, नवा चष्मा आला का? मी म्हटलं, कसला नवा? हा काय नाकावर आहे. फुटला नाही, हरवला नाही, आणि याच्याशिवायही मी सुईत दोरा ओवते. सगळी मुलं एकदम हसली. गोड मुलं आहेत. एकीनं माझा फोटोही काढला.

मिरी तेवढ्यात बाहेर आली. थांबली नाही. रस्त्याच्या त्या बाजूनं घरापर्यंत चालत गेली. मी या बाजूनं. हाका मारून घसा बसला. आमच्या काळी मोठ्या माणसाला असं रस्त्यात टाकून गेलं तर पाठ मऊ व्हायची. उद्या तिच्याशी कडक बोलायचं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

कडक बोलायचं राहिलं. तिनं दार उघडलं नाही. पोट दुखतंय म्हणून शाळाही नाही. मी दाराबाहेरून विचारलं, कुठल्या बाजूला दुखतंय? म्हणाली, सगळ्या. ओवा दिला. दाराबाहेरच राहिला.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

अंगणात शुकशुकाट. चित्र नाही, अक्षर नाही. बटण दाबायला हात शिवशिवतो. दुपारी एक आलं, ते शाळेचंच, गणवेशाबद्दल असावं, वर शाळेचा शिक्का होता. हिरवं दाबलं. बाकी एकही भानगड नाही. माझ्या पाळीत अंगण इतकं स्वच्छ झालंय की इथून पुढे राखणदाराची गरजच पडायची नाही. वाईट याचंच वाटतं की कुणी बघायला नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर. संध्याकाळी

सरांचा फोन. आवाज पडलेला. म्हणाले, आजी, तुमची पाळी आज संपली असं समजा. मी म्हटलं, अजून दोन दिवस आहेत, मी थकले नाही. म्हणाले, तसं नाही. नववीचा अख्खा वर्ग अंगण सोडून बाहेरच्या नेटवर्कवर गेलाय, तिथं कुणाची राखण नाही. मी म्हटलं, आमची मिरी नाही गेली. सर म्हणाले, तिलाच विचारून बघा. मला या माणसाचं बोलणं आता आवडेनासं झालंय.

मिरीच्या खोलीत गेले. फोन माझ्याकडून वळवून धरलेला. म्हटलं, कुठं आहेस? म्हणाली, सगळे आहेत तिथं. म्हटलं, अगं, मी तुझ्या आईला शब्द दिलाय. म्हणाली, मला माहीत आहे आजी, मीही दिला होता.

मग अंगण उघडलं आणि खाली खाली सरकवत गेली. म्हणाली, ऐकायचंय? मी म्हटलं, वाच.

तिनं वाचलं. धडा वाचतात तसं, वर-खाली काही नाही. ‘आम्हाला वाटतं, आपल्या राखणदार आजींना वाचता येत नाही. वाचता येत असेल, तर त्यांनी हे लाल करून दाखवावं.’

त्याच्या खाली हिरवी खूण. खुणेशेजारी माझा हसरा फोटो. तारीख गेल्या शुक्रवारची, मुलं सुधारली तेव्हाची.

त्याखालचंही वाचलं. घरात सगळेच असे का, मिरीला तरी वाचता येतं का, परीक्षेत तिच्याऐवजी कोण लिहितं. सगळ्याला हिरवी खूण. मध्ये एक मिरीचंही होतं. ‘माझ्या आजीचा चष्मा फुटलाय, नवा आला की ती तुम्हाला दाखवेल.’ तेही मीच सोडलेलं.

मी हात पुढे केला. म्हटलं, दे इकडे, मी आत्ता लाल करते, एकेकाला.

मिरी म्हणाली, आता करून काय आजी. तिथं आता वाचायला कोण आहे?

मी आहे ना, असं तोंडातून निघून गेलं.

पोरगी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.