माझ्या हातचा खर्रा

८ फेब्रुवारी, शनिवार. गोंदिया, दवाखाना.
पूनमनं ही वही आणून दिली. पोरगी नर्सिंगला आहे. म्हणे रोज लिही, काय खाल्लं, कसं वाटलं. तर लिहून राहिली.
परवा सकाळी सालेकशात आमचा पानठेला उघडला अन् छातीत आवळून आलं. डावा हात जड, घाम. गिऱ्हाईक म्हणाले गॅस असन. मलाही तेच वाटलं. सोडा पिली, वरून सुपारी-तंबाखूचा एक खर्रा तोंडात टाकला. अर्ध्या तासात उभंच राहता येईना. काल मनगटातून तार टाकून हृदयाची नळी उघडली, आत जाळी बसवली. वय ४४. बाजूच्या खाटेवरची बाई सत्तरची आहे.

९ फेब्रु., रवि.
डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू खाता का. मी म्हणाली, नाही जी. पूनम तिथंच उभी. डॉक्टर गेल्यावर नुसती माझ्या बोटांकडे पाहत राहिली. सुपारी-तंबाखू घोटून घोटून पिवळी झालेली बोटं. पदराखाली घेतली.

१० फेब्रु., सोम.
आज मीच सांगितलं. वीस वर्षं झाली. रोज दहा-बारा, लग्नसराईत मोजत कोण बसते. डॉक्टर रागावले नाहीत. धूर नाही म्हणून मी आपली निश्चिंत होती. तर ते म्हणाले, चघळलेली तंबाखूही रक्तातच उतरते. दर वेळी नाडी धावते, दाब चढतो, नळ्या आकसतात. "जाळी एका जागी बसवली. बाकीच्या नळ्या तुम्ही सांभाळायच्या."
आजपासून ख. बंद. तारीख टाकून लिहिते.

१६ फेब्रु., रवि. सालेकसा.
घरी. डोकं ठणकते. झोप नाही. ठेला हे सांभाळून राहिले. घरात आले की अंगाला तोच वास, अन् माझ्या तोंडाला पाणी. विनाकारण भांडली त्यांच्याशी. मग बडीशेप, भाजलेली जवस. जवस चावून चावून जबडा दुखतो.
पण सहा दिवस झाले.

२ मार्च, रवि.
पहिल्यांदा ठेल्यावर बसली. सकाळी दोघांना खर्रा घोटून दिला. हात आपोआप चालतात. स्वतः खाल्ला नाही.
दुपारी मंजू आली. आमच्या गल्लीतली, पस्तिशीची, आता मोहफुलं वेचायला जाते. सांगत होती, चढ चढताना छातीत धडधड होते, मग एक खर्रा खाल्ला की बरं वाटते. तुझ्याच हातचा पाहिजे, म्हणाली. घोटायला सुपारी प्लास्टिकच्या पन्नीवर घेतली होती. हात थांबला.
मी म्हणाली, "मंजू, हेच खाऊन मले जाळी बसली. तुले नाही घोटून देत."
"मंग ठेला कायले उघडला व?"
ती गेली पुढच्या ठेल्यावर. तिचं काही चुकलं नाही. मी संध्याकाळपर्यंत तेच घोळवत बसली.

३ मार्च, सोम.
यांना सांगितलं. ठेल्यावर खर्रा नाही. चहा, आलूबोंडे, पोहे करीन. हे म्हणाले, खर्रा नसला तर ठेल्यावर येईन कोण? खोटं नाही ते. मी म्हणाली नाही आले तर नाही आले.
"अन् मी खातो त्याचं काय?"
"ते तुमी पाहा. माझ्या हातानं आता घोटल्या जाणार नाही."
खर्रा घोटायची लाकडी पाटी चुलीत घातली. ओली होती, धूर फार झाला.

१४ मार्च, शुक्र.
खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहिते. माहेरी दरेकशाला होती. सगळ्या बाया बसल्या, पुडी फिरली, मी घेतली. एकच. घेतल्या घेतल्या छाती धडधडायला लागली, कानात ठोके. थुंकून आली, विहिरीवर चूळ भरली, तिथंच पायरीवर बसून राहिली.
पूनमला फोन केला. वाटलं रागावते. म्हणाली, "उद्या परत पहिला दिवस, आई. गोळी चुकवू नको फक्त."

१५ मार्च, शनि.
दि. १.

२२ मार्च, शनि.
दि. ८. चहाला शाळेतले दोन मास्तर अन् रेल्वेची माणसं येतात. जुने गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडून जातात, नजर चुकवतात. पोहे उरले. घरी सगळ्यांनी तेच खाल्ले.

२८ मार्च, शुक्र.
दि. १४. मंजू आली. तोंडात खर्रा होता, तो थुंकून चहा मागितला. मग विचारलं, मनगटातून तार टाकतात ते दुखते का. मी म्हणाली आधी नुसती पट्टी काढतात, ईसीजी, काहीच दुखत नाही. माझी दवाखान्याची तारीख सोमवारी आहे, चल संगं. हो म्हणाली.
काल यांना धानाचं पोतं उतरवताना मधेच बसलेलं पाहिलं. हात छातीवर. मला पाहून उठले. आज म्हटलं तुमीही चला, पट्टी काढू. "मले का झालं?" म्हणाले, अन् बाहेर गेले. आल्यावर परत म्हटलं. उद्याही म्हणीन.
सोमवारी सकाळची गाडी. यांचा होकार अजून नाही. आधार कार्ड मात्र त्यांचंही पिशवीत टाकून ठेवलं.