बांधावरच्या जांभळाची सावली

आबा, आज कळंब्याच्या वाटेवर एका उसाच्या फडापाशी उगाच थांबलो. झाडाखालची एक सरी पिवळी पडलेली दिसली आणि डोळे बारीक करून बघणारे तुम्ही आठवलात. आपल्याही बांधाकडचा ऊस तसाच होता. थोरल्या तात्यांच्या, म्हणजे तुमच्या सख्ख्या भावाच्या, जांभळाखाली तो कधी जाड झालाच नाही. तुमचं एकच म्हणणं, "माझ्या पाण्याच्या पाळीला त्यो पाट फोडून पाणी वळवतोय." लेकीच्या लग्नाची अक्षत घेऊन तात्या स्वतः आले, तर तुम्ही त्यांना उंबऱ्यातच अडवलंत. "आधी पाण्याचं बोल. मग लग्नाचं बघू."

मी तेव्हा सायन्सच्या पहिल्या वर्षाला. आई भाकरी थापते आहे आणि मी चुलीपुढं, कविता म्हणावी तशा लयीत, तुम्हाला सांगतो आहे: पानातलं हिरवं द्रव्य ऊन धरतं, त्या जोरावर पाणी फोडतं, हवेतला वायू त्यात गुंफतं आणि साखर करतं. सावलीत ऊन कमी, म्हणून ऊस उपाशी. तुम्ही हसला नाहीत. "पान ऊन खातंय? मग मी खताची पोती कशाला वाहतोय? तात्यानं पढवून पाठवलंय व्हय तुला?"

परसातल्या घेवड्याच्या एका पानावर मी काळ्या कागदाची पट्टी डकवली. दुसऱ्या दिवशी सांजेला ते पान तोडलं, स्पिरिटची वाटी कढत पाण्यात ठेवून त्यात त्याचा हिरवेपणा उतरवला आणि वर आयोडीन टाकलं. उन्हातला भाग काळानिळा झाला, कारण तिथं साखरेचा स्टार्च होऊन साठला होता. झाकलेली पट्टी पिवळटच राहिली. तुम्ही पान हुंगलंत. "हातचलाखी हाय." मग चहाच्या पुड्यातला चांदीचा कागद दातानं फाडून तुम्ही स्वतःच एका पानावर बसवलात. कुठलं पान ते मला सांगितलं नाहीत, आणि मी परसात गेलो की माझ्यामागून यायचात. तेही पान तुम्हीच तोडून आणलंत. त्यावर तुमच्याच वेड्यावाकड्या कागदाचा आकार फिका उठला.

तुम्ही तो आकार नखानं खरवडून बघितलात. मग म्हणालात, "म्हंजे त्यो पाणी न्हाय, ऊन चोरतोय. जांभूळ मुद्दाम लावलंय त्यानं."

"ते मामंजींनी लावलंय," आई तव्यावरची नजर न काढता म्हणाली. "आता त्यांच्यावर बी घ्या संशय."

सकाळी बांधावर जाऊन तुम्ही तात्यांना फांद्या काढायला सांगितलंत. ते म्हणाले, "एवढंच हुतं व्हय? बोलायचं की मग." दुपारपर्यंत आपल्या बाजूचं आभाळ मोकळं. त्याचाही तुम्हाला संशय आला. "इतक्या सहज? यात कायतरी हाय." तरी लग्नाला आलात. पंगतीत तात्यांनी आपल्या हातानं जिलेबी वाढली. तुम्ही ती उलटीपालटी करून बघितलीत आणि खाल्लीत.

परतताना गाडीत तुम्ही विचारलंत, "तुला तरी खरं वाटतंय न्हवं, ते उनाचं?" मी लगेच "व्हय" म्हणालो.

तुमच्या माघारी लिहिलेलं हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून सांगतो. पुस्तकातलं ते सगळं मी शाळेतल्या कवितेसारखं पाठ केलं होतं. म्हणायला गोड वाटायचं, खरं वाटत नव्हतं. तुम्ही लपवलेलं पान फिकं उठेपर्यंत, आबा, पाट तात्याच फोडतात असंच मलाही वाटत होतं.