हापशीचं पाणी गुलाबी राहीना

१२ एप्रिल, शनिवार
ग्रा.पं.च्या किटने तांड्याच्या हापशीचं पाणी तपासलं. यंदा नळी थेट हापशीखाली धरली. रसायन टाकल्यावर गुलाबी राहायला हवं. पिवळं झालं. म्हणजे फ्लोराइड जास्त. दुसरी नळी, तीही पिवळी. रसायनच बिघडलं असेल म्हणून घरच्या माठातलं तपासलं. गुलाबी! माठात पाणी त्याच हापशीचं.
 

१३ एप्रिल
तुरटी. मी माठात रोज तुरटी फिरवते. तिच्यातलं ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरून ठेवतं, रसायनापर्यंत पोचू देत नाही. रंग फसवतो, फ्लोराइड पोटात जातंच. गेल्या वर्षी उन्हात कोण उभं राहील म्हणून माठातलं तपासलं आणि हापशीवर स्वतःच्या हाताने रंगवलं, 'पिण्यास योग्य'. बी.एस्सी. केमिस्ट्री. तीस वर्षं विज्ञान शिकवलं.
पूजा सात वर्षांची. पुढच्या नव्या दातांवर तपकिरी रेघा. घासत नाही म्हणून मी नातीच्या थोबाडीत मारली होती. "घासले ना व आजी!" रडत होती.
पूजा सकाळी उठताना गुडघे धरते; फ्लोराइड हाडांतही बसतं. मी आळस म्हणायचे.

१५ एप्रिल
सुनेला आधी सांगितलं. रेखाने हातातला तांब्या खाली ठेवला. "आई, मंग आपली पोरगी आतालोक काय पेली?"
मग हापशीवर गेले. कमलाबाई माझ्याच हाताखाली शिकलेली. म्हणाली, "बाई, तुम्हीच त योग्य लिवलं होतं. आता कायले भेव दावता?" मागून कोणीतरी, "रिटायर झाल्यापासून बाईले करमत नाही!" हशा.
चूक माझी, असं मोठ्याने सांगितलं. हसू थांबलं. कमलाबाई घागर भरतच राहिली. "जुन्या विहिरीत गाळ हाय. लेकराईले काय पाजू, सांगा."


१७ एप्रिल
पूजाला पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेलं. पूजाच्या गुडघ्यांचा एक्स-रे. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. "मोठ्या डॉक्टरांना दाखवतो. सोमवारी या. आधी पाणी बदला." कुठून?
परतीच्या जीपमध्ये पूजाने पाणी मागितलं. बाटली हापशीचीच. दिली नाही. रडत रडत झोपली.

१८ एप्रिल, सकाळ
कमलाबाई दारात. डोक्यावर घागर, तिच्या शेतातल्या विहिरीची. दीड कोसावरून आणली. "तुरटी लावली नाही बाई. पाहा आता." मागे आठ-दहा जणी. उन्हाळ्यात पाणी टिकणारी तेवढी एकच विहीर उरली आहे. तेही पिवळं झालं तर?
किट आणायला आत आले ती हे लिहीत बसले. नळी भरून ठेवली आहे. रसायनाच्या बाटलीचं झाकण अजून उघडलं नाही.
रेखा बाहेरून हाक मारते आहे. "आई, झालं का? बाया थांबल्या हायेत. टाका ना थेंब."