लाल ठिपक्याचा स्क्रू

आप्पा, "जास्त भरवलं का इंजिन पन ओकतं," असं तुम्ही एकदा गॅरेजात म्हणाला होतात. मी तेव्हा सतरा वर्षांची, ग्रीस लागू नये म्हणून ओढणी सावरत उभी. आता चव्वेचाळिशीत ते वाक्य रोज आठवत होतं, कारण तुमची पांढरी गाडी खरोखरच ओकत होती. मागून काळा धूर, आत पेट्रोलचा वास.

तुम्ही तिचं इंजिन मोठं केलंत, पण त्याला पुरतील असे इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, तेव्हा मिळाले नाहीत. मग पेट्रोलचं प्रेशर चढवून जुन्यांकडूनच काम करून घेतलंत आणि प्रेशरच्या स्क्रूवर माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलात, कुणी हलवला तर कळावं म्हणून. मी नुसता पाना लावला तर केवढे ओरडलात! "नेलपॉलिश तुजं आसंल, स्क्रू माजा हाय. हात लावायचा नाय."

यंदा मी मोठे इंजेक्टर बसवले. आई म्हणाली, "इकून टाक. वासानं माजं डोकं उठतं." शेवटी तहावर आली. जासईला भाचीची हळद होती. "वास न येता तितवर नेलंस तर ठेव. उलटी झाली तर दुसऱ्या दिशी इकायची."

तीन आठवडे मी मांडीवर लॅपटॉप घेऊन गाडीत बसत होते. इंजेक्टर मोठे, म्हणजे ते कमी वेळ उघडायला हवेत. तसं गाडीच्या कॉम्प्युटरला सांगत गेले. पण उभ्या गाडीत ते इतके थोडे उघडायचे की कधी भसकन पेट्रोल सोडायचे, कधी नुसतेच टकटकायचे. इंजिन उचक्या देतंय, मी आकडे बदलतेय. आणि एका सकाळी लक्षात येतं, मी सगळं बदललंय, तुमचा स्क्रू सोडून. देवघरातला टाक असावा तसं त्याच्या आजूबाजूने पुसत होते. जुन्या इंजेक्टरांसाठी चढवलेलं प्रेशर तसंच होतं! कुठल्याही परक्या मेकॅनिकने आधी तिथेच हात घातला असता.

पाना लावला, प्रेशर उतरवलं. लाल टवका उडाला. मला रडू आलं, आणि इंजिन शांत होत गेलं तसं हसूही. मग आकडे पुन्हा बसवायला दोनच दिवस लागले.

हळदीच्या दिवशी आई नाकाला पदर लावूनच बसली. पुढे कंटेनरांची रांग, आम्ही मुंगीच्या पावलांनी. मी रस्ता कमी, तिचा पदर जास्त बघत होते. उड्डाणपुलाच्या अलीकडे तो खाली आला.

"काय गो, पेट्रोल भरलंस का नाय? वासच नाय."

गाडी राहिली, आप्पा.

तुम्हाला कधी स्क्रूचं सांगितलं नसतं. समोर असतात तर धीरच झाला नसता. हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून लिहितेय. आणखी एक. परतताना आईने गियरच्या दांड्यावर हात ठेवला, "मला पन शिकव." काल विचुंब्याच्या मोकळ्या रस्त्यावर मी तिला स्टिअरिंगवर बसवलं. तीनदा बंद पाडली, चौथ्यांदा निघाली, आणि ती एवढी मोठ्याने हसली की कडेची कुत्री उठली. तुमच्या हयातीत तिला पुढच्या सीटवरसुद्धा तुम्ही नाइलाजाने बसवायचात. तुमचं उत्तर मला पाठ आहे, तरी विचारते: तिला तुमची गाडी चालवू द्याल?