टाळूवरचं बटण

प्रिय ताई,

लिहीन लिहीन म्हणत हे पत्र किती पुढे ढकललं, विचारू नकोस. कागद घेतला की पेन सापडत नाही, पेन सापडलं की कुणीतरी चहाला हाक मारतं. आज दातांच्या दवाखान्यात बाकावर बसलोय. आत बोलवायला वेळ आहे आणि पळायला जागा नाही.

सध्या सामान हलवणाऱ्यांकडे कामाला आहे. लोकांची घरं या गावातून त्या गावात. पायाला भिंगरी, तुला शोभतंय, म्हणशील. परवा एक लोखंडी कपाट सरकवत होतो. गुळगुळीत फरशी, पायात मोजे. जोर लावला तर कपाट जागच्या जागी आणि मीच मागे घसरत चाललो. मुकादम ओरडला, अरे शहाण्या, पाय भिंतीला लाव! भिंतीला पाय रोवला आणि कपाट निमूट सरकलं. सगळे खो खो हसत होते. मला मात्र तुझ्या दवाखान्यातली खुर्ची आठवली आणि हसूच येईना.

तू हेच सांगत होतीस ना? माझ्या सुळ्याला जागा नव्हती, म्हणून वरच्या दाढा मागे ढकलायच्या. पण ढकलायचं तर कशाला तरी टेकायला हवं. मानेमागून पट्टा घे, म्हणालीस, म्हणजे भार मानेवर. फक्त घरी आल्यापासून सकाळपर्यंत काढायचा नाही. मी म्हणालो, मी काय बैल आहे? मग म्हणालीस, टाळूच्या हाडात दोन बारीक स्क्रू, भिंतीसारखा आधार. सुई बघून मी खुर्चीतून अर्धा उठलो. उरलं टाळूवर टेकणारं प्लास्टिकचं बटण आणि त्यातून दाढांना रेटणाऱ्या स्प्रिंगा. बटणाचा आधार कच्चा, तू बजावलं होतंस. दाढांना रेटताना पुढचे दातही पुढे सरकतात, म्हणून दर महिन्याला बघावं लागतं. तुझ्या मनात स्क्रूच होते. पण मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, दर महिन्याला येईन. दुसऱ्या कुठल्या पेशंटचं तू ऐकलं नसतंस. मी दोनदा आलो. मग एक ट्रक निघाला होता, त्यात चढलो.

दाढा गेल्या गं मागे. पण पुढचे दात असे बाहेर आलेत की ओठ मिटत नाहीत. बटणाखाली सूज आहे, तोंडाला वास येतो. ट्रकवरची पोरं मला ससोबा म्हणतात. मीही हसतो, तोंडावर हात धरून.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. मागच्या खेपेला इथल्या डॉक्टरबाईंनी तोंडात आरसा घातला आणि विचारलं, हे असं कोणी सोडून दिलं? मी म्हणालो, होती एक शिकाऊ, लावलं आणि परत विचारलंसुद्धा नाही. ताई, असं तुझ्याबद्दल म्हणालो. तू फोन करून करून दमलीस आणि मी ते कापत राहिलो. बाई चिडल्या. अशांची तक्रारच करायला हवी, नंबर द्या म्हणाल्या. घाबरून तुझाच दिला, खोटा सुचलाच नाही. पत्राआधी त्यांचा फोन पोचेल, एवढी अक्कल मला आहे. तरी माझ्या हाताने तुला सांगायचं होतं. आज त्या बटण काढतील, त्याआधी त्यांना खरं सांगणार आहे. आणि तुला विचारायचं होतं, पुन्हा तुझ्या खुर्चीत बसू देशील का? स्क्रूच घाल. सुईकडे बघणार नाही.

थांब, दार उघडलं. ताई, आई आली आहे! जिला बस नुसती दिसली तरी मळमळतं, ती आई. एकटीच आहे. काखेत तुझ्या दवाखान्यातला खोका, आत टॉवेलात गुंडाळलेले माझ्या दातांचे प्लास्टरचे साचे. म्हणजे बाईंचा तुला फोन झालाय. माझ्याकडे बघतही नाहीये. काउंटरवर विचारतेय, माझ्या मुलीच्या पेशंटला कुठे बसवलंय?

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
भिंगऱ्या